१२, २७ की ८८? तारकासमूहांची नावे कुठून आली आणि तक्त्यावर ती कशी लिहावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आकाशाचा मराठी तक्ता तयार करताना एका पुस्तकात महाश्वाचा (पेगासस) चौकोन सापडला, दुसऱ्यात त्याच चार ताऱ्यांना पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा म्हटलेले दिसले आणि मोबाइलवरच्या ॲपने त्या चारांतला एक तारा भलत्याच समूहात, देवयानीत दाखवला. कुठे १२ राशी, कुठे २७ नक्षत्रे, कुठे ८८ तारकासमूह. ही नावे ठेवली कोणी, आणि यांतले बरोबर कोणते?

तिन्ही बरोबर आहेत. अडचण नावांची नाहीच. ‘तारकासमूह’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या कामांच्या गोष्टी कोंबतो, तिथे घोटाळा होतो. पहिली गोष्ट आकृती: ठळक तारे मनाने जोडून केलेले चित्र, जसे सिंह, विंचू, सप्तर्षी. दुसरी खूण: चंद्र आज कुठे आहे हे सांगण्यासाठी त्याच्या वाटेवर रोवलेले मैलाचे दगड, म्हणजे नक्षत्रे. तिसरी हद्द: आकाशाचा प्रत्येक बिंदू कोणत्या तरी एकाच तुकड्यात पडावा म्हणून आखलेली सीमा. कोणतेही नाव समोर आले की आधी विचारायचे, हे आकृतीचे नाव आहे, खुणेचे की हद्दीचे? निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

८८ हा आकडा हद्दींचा आहे आणि तो एका बैठकीत कोणी ठरवलेला नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, साधारण १५० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हजारावर ताऱ्यांची यादी केली आणि ती ४८ आकृत्यांत बसवली. या आकृत्या त्याने कल्पिलेल्या नव्हत्या. सिंह, विंचू, बैल, जुळे यांची मुळे बॅबिलोनियाच्या मातीच्या पाट्यांपर्यंत जातात. आपण ज्याला मकर म्हणतो तो त्या पाट्यांवर पुढून बोकड आणि मागून मासा असा प्राणी आहे. भारतात येताना तो मकर झाला. चित्र बदलले, तारे तेच राहिले. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टॉलेमीच्या ४८ पासून ८८ पर्यंत कसे पोहोचलो, याचा हिशेब मला फार आवडतो, कारण तो अगदी शेवटच्या एककापर्यंत जुळतो. ४८ पैकी ‘आर्गो’ हे अवाढव्य जहाज पुढे मोडले आणि त्याचे तीन भाग झाले: तळ, पिछाडी आणि शीड. म्हणजे ४७ अधिक ३, एकूण ५०. सोळाव्या शतकाच्या शेवटी केयझर आणि डी हौटमन या डच खलाशांनी दक्षिणेकडचे तारे मोजले आणि त्यावरून मोर, टुकान, उडता मासा, सरडा, माशी असे १२ नवे समूह झाले: ६२. फ्रेंच ज्योतिर्विद लाकाय १७५१-५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी बसून जवळजवळ दहा हजार ताऱ्यांची नोंद करून गेला आणि त्याने १४ समूह घातले: ७६. हेवेलियसच्या १६९० मध्ये छापलेल्या नकाशातले ७ टिकले, त्यांत जंबुक, सरठ, गवय: ८३. प्लांसियसचे ३, म्हणजे जिराफ, एकशृंगी आणि कपोत: ८६. नरतुरंगाच्या पायांतून वेगळा काढलेला त्रिशंकू ८७ वा आणि अरुंधती केश ८८ वा.

या हिशेबात काळाचा क्रम मी मुद्दाम पाळलेला नाही, कोणाचे किती टिकले एवढेच मोजले आहे. तक्त्यावर इतिहासाची पट्टी देणार असाल तर वर्षानुसार लावा: प्लांसियस हेवेलियसच्या आधीचा आणि लाकाय सगळ्यांच्या शेवटी.

दक्षिणेकडची नावे इतकी वेगळी का, याचे कारणही सरळ आहे. अलेक्झांड्रिया ३१° उत्तर अक्षांशावर आहे. तिथून −५९° क्रांतीच्या (क्रांती म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर) खालचे तारे कधीच उगवत नाहीत, त्यामुळे टॉलेमीच्या आकाशात दक्षिण ध्रुवाभोवती मोठी रिकामी जागा होती. ती भरली खलाशांनी आणि पुढे वेधशाळेत काम करणाऱ्या माणसाने. खलाशांनी पाहिलेले पक्षी-मासे वर गेले. लाकायने आपल्या काळाची साधने वर नेली: दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, लंबकाचे घड्याळ, हवा काढण्याचा पंप, भट्टी. त्यांच्यामागे कोणतीही पुराणकथा नाही आणि ती शोधण्यात वेळ घालवू नये. तक्त्यावर या समूहांसाठी ओढूनताणून कथा लिहिलेली दिसली तर ती नंतर कोणीतरी चिकटवलेली आहे असे समजा.

१९२२ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाच्या पहिल्या महासभेत ८८ नावांची यादी ठरली. हद्दी मात्र तेव्हा ठरल्या नव्हत्या. त्या बेल्जियमच्या डेल्पोर्टने आखल्या आणि १९३० मध्ये छापून आल्या. त्याने सगळ्या रेषा फक्त दोन दिशांना काढल्या, विषुवांशाच्या (आकाशातले पूर्व-पश्चिम माप) किंवा क्रांतीच्या. म्हणून हद्दी पायऱ्यापायऱ्यांसारख्या दिसतात. मात्र या रेषा १८७५ सालच्या आकाशाला धरून आहेत, कारण दक्षिणेकडच्या हद्दी गूल्ड या खगोलज्ञाने आधीच त्या वर्षासाठी काढलेल्या होत्या आणि डेल्पोर्टने उरलेले काम त्याच चौकटीत पुरे केले.

इथे व्यवहारात एक चूक वारंवार होते. परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो त्यामुळे, वसंतसंपात (विषुवांश मोजण्याचा आरंभबिंदू) सुमारे ७२ वर्षांत १° मागे सरकतो, म्हणजे १८७५ पासून दोन अंशांहून थोडा जास्त. आजच्या नकाशातली जाळी २००० सालची असते आणि हद्दींच्या रेषा तिच्याशी किंचित तिरप्या दिसतात. हे छपाईचे चुकलेले नाही. एखाद्या ताऱ्याचा विषुवांश-क्रांती घेऊन तो कोणत्या समूहात पडतो हे स्वतः ठरवायचे असेल, तर आधी ते आकडे १८७५ ला नेऊन मग हद्दीच्या तक्त्याशी ताडायचे. ही पायरी गाळली तर मधल्या भागातले तारे बरोबर येतात आणि कडेचे चुकतात. चूक थोड्याच ताऱ्यांत असल्याने ती लवकर ध्यानात येत नाही.

हद्दी स्थिर, पण तारे स्थिर नाहीत. गरुडातला म्हणून ‘रो’ हे अक्षर मिळालेला एक तारा निजगतीने (ताऱ्याच्या स्वतःच्या गतीने) सरकत १९९२ मध्ये धनिष्ठा (डेल्फिनस) या समूहाच्या हद्दीत शिरला. नावात गरुड आहे आणि पत्ता धनिष्ठाचा आहे. दोन्ही बरोबर.

आता ताऱ्यांना जोडणाऱ्या रेघा. त्या कोणीही अधिकृत केलेल्या नाहीत. संघाने नावे आणि हद्दी ठरवल्या, आकृत्या नाहीत. त्यामुळे दोन ॲपमध्ये वासुकीचे वेटोळे वेगवेगळे असले तर कोणते बरोबर हा प्रश्नच निरर्थक आहे. तक्त्यासाठी कोणताही एक संच निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. सप्तर्षींचे सात तारे म्हणजे ऋक्ष हा पूर्ण समूह नव्हे, हेही त्यासोबत सांगायला हवे. ऋक्षाची हद्द १,२८० चौरस अंश आहे आणि सात ऋषी तिच्या एका भागात बसले आहेत.

आता नक्षत्रे. चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरी २७.३ दिवसांत पुरी करतो, म्हणून त्याच्या वाटेचे २७ भाग केले. प्रत्येक भाग १३° २०'. काही जुन्या याद्यांत अभिजित धरून २८ आहेत. मात्र ‘नक्षत्र’ या शब्दाचे दोन अर्थ कायम एकमेकांत मिसळतात: एक, आकाशात दिसणारे तारे, ज्यांतल्या मुख्य ताऱ्याला योगतारा म्हणतात, दोन, १३° २०' चा मोजलेला भाग. हे दोन नेहमी एका जागी नसतात.

स्वातीचे उदाहरण घ्या. स्वातीचा तारा क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या, जवळजवळ ३१° उत्तरेला आहे. चंद्र क्रांतिवृत्तापासून सव्वापाच अंशांपेक्षा जास्त दूर जात नाही. म्हणजे ‘चंद्र स्वातीत’ असताना तो स्वातीच्या ताऱ्याजवळ कधीच दिसणार नाही. इतकेच नाही: क्रांतिवृत्तावर मोजलेला भोग (त्या वाटेवरचे पूर्व-पश्चिम स्थान) पाहिला तर स्वाती आणि चित्रा हे दोन तारे अर्ध्या अंशाच्या आत बरोबरीला आहेत. चित्रा १८०° वर धरून भाग पाडले तर स्वातीचा तारा चित्रेच्याच भागात पडतो. म्हणून पंचांगात आज स्वाती आहे असे वाचून चंद्र शोधायचा असेल, तर चित्रेच्या पूर्वेला पाहावे, स्वातीच्या ताऱ्याकडे नव्हे. जुन्या ग्रंथांतले भोग ध्रुवाभिमुख, म्हणजे ध्रुवातून काढलेल्या रेषेवर मोजलेले आहेत आणि आजचे कदंबाभिमुख, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या ध्रुवातून काढलेल्या रेषेवर. जितका तारा क्रांतिवृत्तापासून दूर, तितका या दोहोंत फरक. अभिजित, श्रवण, धनिष्ठा, स्वाती यांच्या बाबतीत आकडे जुळत नाहीत असे दिसले तर आधी हे तपासा.

पूर्वा आणि उत्तरा हे शब्दही फसवतात. ते दिशांचे नाहीत. पूर्वा म्हणजे आधी उगवणारी, उत्तरा म्हणजे नंतर उगवणारी. त्यामुळे आकाशात पूर्वाभाद्रपदा पश्चिमेला असते आणि उत्तराभाद्रपदा पूर्वेला. फाल्गुनींचेही तसेच. तक्त्यावर ही नावे दिशा समजून उलटी छापलेली वारंवार दिसतात.

राशींचे १२ हे तिसरे माप. क्रांतिवृत्ताचे ३०° चे समान भाग बॅबिलोनियात पडले. या १२ भागांना जवळच्या आकृत्यांची नावे दिली, पण आकृत्या समान आकाराच्या नाहीत. डेल्पोर्टच्या हद्दींप्रमाणे सूर्य कन्येत सुमारे ४५ दिवस असतो आणि वृश्चिकात जेमतेम आठवडाभर. त्यानंतर ३० नोव्हेंबरच्या आसपास तो भुजंगधारीत शिरतो आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिथेच राहतो. यावरून ‘तेरावी रास सापडली’ अशी बातमी अधूनमधून येते. रास हे माप आहे आणि भुजंगधारी ही हद्द. मापात तेरावे घर निर्माण झालेले नाही. भुजंगधारी तर टॉलेमीच्या ४८ मध्येही होताच.

आता मराठी नावे. इथे दोन थर वेगळे काढा. सूर्यसिद्धांत या जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथात २७ नक्षत्रे आणि अभिजित यांशिवाय मोजकेच तारे स्थानासह येतात: अगस्त्य, मृगव्याध, अग्नी, ब्रह्महृदय, प्रजापती, अपांवत्स, आप. हा जुना थर. शर्मिष्ठा, देवयानी, ययाती, वृषपर्वा ही नावे दुसऱ्या थरातली आहेत. ग्रीक कथेतले राणी, राजकन्या, तिला सोडवणारा वीर आणि राजा असे एक कुटुंब आकाशात शेजारीशेजारी आहे. त्याच्या जागी महाभारतातले एकमेकांशी बांधलेले चौघे बसवले गेले. ययातीच्या कथेत ही माणसे तारे झाल्याचा उल्लेख नाही. बसवणाऱ्यांनी काम सुंदर केले आहे, कारण शेजार जपला गेला. पण तक्त्यावर ‘प्राचीन भारतीय नाव’ असे त्यांच्यापुढे लिहू नका. नवी नावे एकाच वेळी अनेकांनी केल्यामुळे ती पुस्तकागणिक बदलतात: महाश्व कुठे खगाश्व असतो, यमुना कुठे वैतरणी असते. इथे एक निवडून दुसरे कंसात द्यावे, एवढाच उपाय.

जुन्या थरातही सगळे ठरलेले नाही. आर्द्रा म्हणजे काक्षी (मृगातला बीटलज्यूझ हा तारा) असे आपण सर्रास लिहितो. सूर्यसिद्धांत आर्द्रेचा शर (क्रांतिवृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर) ९° दक्षिण देतो आणि काक्षीचा शर १६° दक्षिण आहे. सात अंशांचा फरक डोळ्यांना दिसण्याइतका मोठा आहे. आधुनिक रूढी म्हणून आर्द्रा = काक्षी लिहायला हरकत नाही, ग्रंथाचा आधार म्हणून मात्र लिहू नये.

मृगाचीच जागा जरा जवळून पाहा, कारण तिथे सगळे प्रकार एकत्र भेटतात. ग्रीकांना तिथे उभा शिकारी दिसला. आपल्याकडे चार कोपऱ्यांचे तारे हरणाचे पाय, मधले तीन ओळीतले तारे त्याच्या पोटात घुसलेला बाण आणि बाण सोडणारा व्याध आग्नेयेला. मृगशीर्ष नक्षत्र म्हणजे वरचे तीन मंद तारे, हरणाचे डोके; संपूर्ण समूह नव्हे. शिकारीच्या खांद्याला अरबांनी ‘यद अल-जौझा’, म्हणजे जौझाचा (त्या आकृतीचे अरबी नाव) हात, म्हटले. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘य’ आणि ‘ब’ एकसारखे दिसतात, ‘य’खाली दोन टिंबे आणि ‘ब’खाली एक. लॅटिनमध्ये नकलताना एक टिंब हरवले, ‘यद’चे ‘बद’ झाले आणि त्यातून बीटलज्यूझ. हाच आपला काक्षी. १६०३ मध्ये बायर या नकाशाकाराने समूहातल्या ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली तेव्हा त्याला आल्फा मिळाले, जरी राजन्य हा बीटा तारा बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा तेजस्वी असतो. आल्फा म्हणजे सर्वांत तेजस्वी असे गृहीत धरू नका. धनूचा आल्फा तर चौथ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा मोठा तितका तारा मंद) आहे.

आता तुमचा चौकोन. त्याचा ईशान्येचा तारा टॉलेमीने दोन्हीकडे धरला: घोड्याची बेंबी आणि राजकन्येचे डोके एकच. अरबी नावात बेंबी आली, ‘सुर्रत अल-फरस’, आणि त्यातून अल्फेरात्झ. बायरच्या अक्षरांत तो आल्फा देवयानी आणि डेल्टा महाश्वही. १९३० च्या हद्दीने एकच घर द्यायचे असल्याने तो देवयानीत गेला आणि डेल्टा महाश्व हे नाव वापरातून गेले. तेव्हापासून महाश्वाचा चौकोन तीनच ताऱ्यांचा आपला आहे, चौथा शेजाऱ्याचा. तुमचे ॲप चुकलेले नाही. नक्षत्रांच्या मापात चौकोनाच्या पश्चिमेची जोडी पूर्वाभाद्रपदा आणि पूर्वेची उत्तराभाद्रपदा. चीनच्या २८ चंद्रगृहांतही नेमक्या याच दोन जोड्या दोन शेजारची घरे आहेत. उत्तराभाद्रपदेचा योगतारा कोणता यावर मात्र दोन मते आहेत: सूर्यसिद्धांताचा २६° उत्तर शर ईशान्येच्या ताऱ्याला जुळतो, आधुनिक याद्या बहुधा आग्नेयेचा गॅमा महाश्व धरतात.

तक्ता करताना माझी पद्धत अशी: नोंद समूहापासून नाही, ताऱ्यापासून सुरू करायची. आधी बायरचे अक्षर आणि समूह, कारण ते एकाच ताऱ्याला चिकटलेले असते. मग विषुवांश, क्रांती आणि कोणत्या सालचे ते. मग हद्द. त्यानंतर नक्षत्र आणि तो योगतारा आहे की नुसता सदस्य. सर्वांत शेवटी प्रचलित मराठी नाव आणि पर्यायी नाव. स्टेलॅरिअम हे आकाश दाखवणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एफ ४ दाबून येणाऱ्या खिडकीत आकाश-संस्कृती बदलता येते. तिथली भारतीय निवडून तीच जागा दोनदा पाहा. तिथल्या ओळखी मात्र कोणाच्या तरी मतावर आधारलेल्या असतात, त्या स्वतंत्रपणे ताडून घ्या. ताऱ्यांची व्यक्तिनामे अधिकृत करण्यासाठी संघाने २०१६ मध्ये गट नेमला. त्याच्या यादीत आपली काही नावेही आहेत, झीटा मीनसाठी रेवती आणि ४१ मेषसाठी भरणी.

तुमच्या वादग्रस्त ताऱ्याची ओळ मी अशी लिहीन: आल्फा देवयानी, विषुवांश ० तास ८ मिनिटे, क्रांती +२९° (२०००), प्रत २.१, हद्द देवयानी, आकृती महाश्वाचा चौकोन, ईशान्य कोपरा, नक्षत्र उत्तराभाद्रपदा, योगतारा म्हणून मतभेद, अरबी-लॅटिन नाव अल्फेरात्झ.